चांदीतला वाघ, चांदीतला सिंह

बसवनगुडीहून बोलतो आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. "सर, तुम्ही जुनी पदकं जमवता, पण त्यातही प्राणी असलेलीच का?" उत्तर साधं आहे. फौजेत आयुष्य गेलं की माणसाला प्राणी छातीवर आणि टोपीवर बघायची सवय लागते. मद्रास रेजिमेंटचा हत्ती, आसाम रेजिमेंटचा गेंडा, डोग्रा रेजिमेंटचा वाघ, लडाख स्काउट्सचा आयबेक्स म्हणजे हिमालयातला रानबोकड. यातला मद्रासचा हत्ती तर आपल्या जालना जिल्ह्यातून आलेला आहे. १८०३ साली असईच्या लढाईत लढलेल्या पलटणींना कंपनी सरकारने मान म्हणून हत्तीचं चिन्ह दिलं, ते आजही चालू आहे.

पदक जमवणारे लोक बहुतेक वेळा शौर्य, लढाई, दुर्मिळता आणि किंमत बघतात. मी आणखी एक गोष्ट बघतो. पदकावर कोणता प्राणी आहे, तो वर आहे की खाली, आणि पदक पाडलं तेव्हा जंगलात त्या प्राण्याचं काय चाललं होतं. हे तीन प्रश्न विचारले की हाताएवढ्या चांदीच्या तुकड्यातून सव्वादोनशे वर्षांचा इतिहास बोलायला लागतो.

सिंह वर, वाघ खाली

सुरुवात घराजवळून करू. बेंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याने निघालं की अडीच-तीन तासांत श्रीरंगपट्टण येतं. ४ मे १७९९ रोजी भर दुपारी इंग्रजांनी तिथल्या तटाला पाडलेल्या खिंडारातून हल्ला चढवला आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला. सेनापती होता जनरल हॅरिस. हल्ल्याचं नेतृत्व डेव्हिड बेअर्डकडे होतं, आणि हा बेअर्ड आधी याच श्रीरंगपट्टणात काही वर्षं कैदी म्हणून राहिलेला होता.

या विजयासाठी ईस्ट इंडिया कंपनीने पदक करून घेतलं. ठसे कोरले कॉनराड हाइनरिश क्युखलर या जर्मन कारागिराने, आणि पदकं पाडली बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर. व्यास ४८ मिलिमीटर. पुढे कलकत्त्याच्या टांकसाळीतही ते पाडलं गेलं, ते थोडं लहान, ४५ मिलिमीटरचं. जमवणाऱ्याने पहिल्यांदा पट्टी लावायची ती याचसाठी.

एका बाजूला खिंडारावरचा हल्ला आहे आणि वर माथ्यावर आलेला सूर्य, म्हणजे हल्ल्याची वेळसुद्धा कोरलेली. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सिंहाने वाघाला लोळवलं आहे. वाघ म्हणजे टिपू, हे त्या काळी कोणाला सांगावं लागत नव्हतं. टिपूच्या सिंहासनावर वाघ, तोफांच्या तोंडावर वाघ, शिपायांच्या अंगरख्यावर वाघाच्या पट्ट्यांची 'बाबरी' नक्षी. इंग्रज माणसावर झेप घेतलेला त्याचा लाकडी वाद्य-वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता गंमत बघा. पदकावरच्या सिंहामागे निशाण आहे आणि त्यावर अरबी अक्षरं आहेत: 'असदुल्लाह अल-गालिब', म्हणजे ईश्वराचा सिंह विजयी आहे. हेच शब्द टिपू स्वतःच्या शस्त्रांवर आणि निशाणांवर वाघाच्या चेहऱ्याच्या आकारात लिहवून घ्यायचा. म्हणजे इंग्रजांनी टिपूला हरवलं आणि त्याचं ब्रीदही उचलून आपल्या सिंहाच्या तोंडी घातलं. हे चाललं, कारण भाषेतच गोंधळ आहे. अरबीत असद म्हणजे सिंह, हैदर म्हणजेही सिंह. फारसीत शेर म्हणजे सिंह, पण हिंदुस्थानीत आपण वाघालाही शेर म्हणतो. टिपूच्या दरबारात सिंह आणि वाघ एकाच म्यानात राहत होते. इंग्रजांनी ते वेगळे केले आणि एकाला दुसऱ्याच्या उरावर बसवलं.

पदकाच्या धातूतही हुद्दा होता. सर्वांत वरच्यांना सोनं, त्याखालच्या वरिष्ठांना चांदीवर सोन्याचा मुलामा, कॅप्टन आणि लेफ्टनंट यांना चांदी, त्याखाली ब्राँझ, आणि साध्या शिपायाला कथील. आपले जे लोक त्या तटावर चढले, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कथील आलं. कथील मऊ असतं, त्याला मार लागतो, ते काळवंडतं. त्यामुळे ज्यांची संख्या सगळ्यात जास्त होती त्यांचीच पदकं आज सगळ्यात खराब स्थितीत मिळतात. चांदीचं श्रीरंगपट्टण पदक लिलावात चकचकीत दिसतं. कथलाचं हातात आलं की त्यावरचा वाघ झिजलेला असतो, आणि सिंहसुद्धा.

हत्ती आणि ड्रॅगन

हीच कल्पना कंपनीला आवडली असावी, कारण पहिल्या ब्रह्मी युद्धानंतर, १८२६ सालच्या विजयासाठी, पुन्हा तेच चित्र आलं. या वेळी चांदीच्या पदकावर ब्रिटिश सिंहापुढे आव्याचा हत्ती गुडघे टेकून बसला आहे. आवा म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशाची राजधानी, आणि पांढरा हत्ती हा तिथल्या राजसत्तेचा मान. खाली फारसीत लिहिलं आहे की आव्याचा हत्ती इंग्रजांच्या सिंहाला शरण आला. चित्राची कल्पना विल्यम डॅनियलची. हिंदुस्थानभर फिरून देवळं, किल्ले, डोंगर यांची चित्रं काढणारा तो आणि त्याचा काका आपल्याला माहीत आहेत. ठसा कोरला विल्यम वायन याने. यात आपल्या शिपायाला कथील नव्हे, चांदी मिळाली. कंपनीच्या पदकांत फितीसह दिलेलं हे पहिलं पदक मानतात.

तिसरा प्राणी राहिला. पहिल्या अफू युद्धानंतर, १८४२ साली, चीनसाठी पदक करायचं ठरलं तेव्हा सिंहाच्या पंजाखाली ड्रॅगन असं चित्र तयार झालं होतं. पण हे चिन्यांचा उघड अपमान करणारं आहे, असं लंडनमध्ये वाटलं आणि ते बाजूला ठेवलं. त्याजागी शस्त्रास्त्रांचा ढीग आणि ताडाचं झाड आलं. चिनी बादशहाशी तह करायचा होता, व्यापार करायचा होता. ज्याच्याशी उद्या बोलायचं असतं त्याचा प्राणी पायाखाली दाखवत नाहीत, हा धडा १७९९ मध्ये लागू नव्हता. टिपू तोवर मेला होता.

हे सगळं इंग्रजांनीच शोधलं असं मात्र नाही. गुप्त सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांवर दुसरा चंद्रगुप्त सिंह मारतो आहे, पहिला कुमारगुप्त गेंडा मारतो आहे. चंद्रगुप्ताचा सिंह म्हणजे त्याने जिंकलेला गुजरात, असं नाणेशास्त्राचे बरेच अभ्यासक मानतात. नाण्यावर प्राणी मारणं म्हणजे मुलूख जिंकणं, ही आपलीच जुनी लिपी आहे. कंपनीने तीच वाचली.

जंगलात काय चाललं होतं

आता तिसरा प्रश्न. पदकावर वाघ शत्रू होता आणि पुढच्या शंभर वर्षांत तो कागदावरही शत्रू झाला. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सरकारने वाघ मारणाऱ्याला इनाम द्यायला सुरुवात केली. कातडं आणा, पैसे घ्या. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८० हजारांहून जास्त वाघ मारले गेले.

आपल्याकडे वाघाशी नातं वेगळं होतं. डहाणू-जव्हारकडे वारली लोक आजही लाकडावर वाघदेव कोरतात, शेजारी चंद्र-सूर्य. कोकणात वाघोबाची ठाणी आहेत. वाघबारस आहे. वाघाची भीती होती, नाही असं नाही. गुरं नेली तर लोक त्याला मारतही. पण भीती वाटणाऱ्याला देव करून वेशीवर बसवणं वेगळं, आणि त्याला चांदीत पाडून पायाखाली ठेवणं वेगळं.

आणि जिंकलेला सिंह? विलायती सिंह पदकांवर डरकाळ्या फोडत असताना हिंदुस्थानातला खरा सिंह संपत आला होता. एकेकाळी उत्तर आणि मध्य हिंदुस्थानभर असलेला सिंह एकोणिसावं शतक संपताना फक्त काठेवाडात, गीरच्या रानात उरला. जुनागढच्या नवाबांनी त्याला राखलं. १९०० साली लॉर्ड कर्झन तिकडे गेला तेव्हा त्याने सिंहाची शिकार टाळली आणि सिंह वाचवायला हवा असं मत दिलं.

चित्त्याला कोणी वाचवलं नाही. कोल्हापूरच्या मंडळींना चित्तेवान हा शब्द ठाऊक असेल. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे, आणि देशी चित्ते मिळेनात तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. देशात चित्त्याची म्हणून असलेली ती शेवटची पक्की नोंद. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं सरकारने मान्य केलं. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला नामिबियाचे आठ चित्ते उतरले, ते पाहुणे आहेत. माझ्या पेटीत चित्त्याचं एकही पदक नाही.

डुक्कर, आणि निकेलचा वाघ

मध्ये थोडं हलकं घेऊ. १९११ साली पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर चांदीचा नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर बिल्ल्यांची माळ होती आणि त्यात एक हत्ती होता. पण कोरणाऱ्याने सोंड एवढी आखूड काढली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बाजारात बोभाटा झाला. मुसलमान हात लावेनात, इतरही कुरकुरले. कलकत्ता आणि मुंबईत मिळून सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले सातेक लाखच बाहेर गेले होते. बाकीचे वितळवले आणि १९१२ साली हत्तीला नीट सोंड मिळाली. साम्राज्याला तलवारीने जे करता आलं नसतं ते एका आखूड सोंडेने केलं. सरकारला आपला रुपया परत घ्यावा लागला.

हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बरोबर एक तोळा, त्यात साधारण ९१.७ टक्के चांदी. १९४० मध्ये युद्धामुळे चांदी ५० टक्क्यांवर आली आणि १९४६-४७ मध्ये ती पूर्ण गेली. निकेलचे पाव, अर्धे आणि पूर्ण रुपये आले. त्यांच्या मागच्या बाजूला काय होतं? वाघ. उभा, पूर्ण, एकटा, कोणाच्याही पंजाखाली नसलेला. ज्या सत्तेने वाघाला चांदीत पायाखाली घातलं होतं तिने जाताना वाघाला मोकळं उभं केलं, पण तेव्हा चांदी उरली नव्हती.

पायाखाली कोणी नाही

प्रजासत्ताक आल्यावर २६ जानेवारी १९५० ला सारनाथचे सिंह राजमुद्रेवर आले आणि त्याच दिवशी परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र जाहीर झाली. ही पदकं घडवण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या सावित्रीबाई खानोलकर, जन्माने स्विस, पण लग्नानंतर मराठी घरात आल्या. फौजी अधिकारी विक्रम खानोलकर त्यांचे पती. परमवीर चक्र ब्राँझचं आहे आणि त्यावर इंद्राचं वज्र आहे. महावीर आणि वीर चक्र मात्र चांदीची आहेत, आणि दोन्हींच्या मधोमध मुलामा दिलेले सारनाथचे सिंह आहेत.

फौजेतल्या माणसाने ते हातात घेऊन एकदा नीट बघावं. इथेही सिंह आहे, तोही दुर्मिळ झालेला आशियाई सिंह, आणि तोही चांदीत. पण त्याच्या पायाखाली वाघ नाही, हत्ती नाही, ड्रॅगन नाही. सिंह एकमेकांना पाठ लावून उभे आहेत आणि चारी दिशांना बघतात. हत्ती आहे तो खालच्या पट्ट्यावर घोडा, बैल आणि सिंहाच्या बरोबरीने चालतो, कोणाला शरण जात नाही. शौर्य दाखवायला हरलेला दाखवावाच लागतो असं नाही, हे मला या पदकाइतकं कोणी स्पष्ट सांगितलेलं नाही.

पुढे १९७२ मध्ये आणखी एक उलटापालट झाली. तोवर आपला राष्ट्रीय प्राणी सिंह होता. त्याच्या जागी वाघ आला. १७९९ च्या पदकावर सिंहाखाली दबलेला वाघ १७३ वर्षांनी त्याच्या जागेवर बसला, आणि तेही पडलेल्याला उचलायचं म्हणून, कारण त्या साली देशात मोजून १८२७ वाघ उरले होते. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत आपलं मेळघाट होतं आणि इथलं बंदीपूरही. टिपूच्याच मुलखातलं बंदीपूर. प्रकल्पाच्या पन्नाशीचं ५० रुपयांचं नाणं ९ एप्रिल २०२३ ला म्हैसुरातच प्रकाशित झालं. २०२२ च्या गणनेत वाघांची सरासरी संख्या ३६८२ धरली गेली. सिंह २०२५ मध्ये ८९१ मोजले. दोघेही वाढले, एकमेकांना न मारता.

चांदी उरते, प्राणी उरेलच असं नाही

१९७० च्या दशकात जागतिक पातळीवर निसर्गरक्षणासाठी नाण्यांची एक मालिका निघाली. अनेक देशांनी आपले संकटातले प्राणी चांदी-सोन्यात पाडले, आणि विक्रीतून संवर्धनाला पैसा मिळावा हा हेतू होता. नेपाळने १९७४ मध्ये चांदीत डांफे, म्हणजे मोनाल पक्षी, आणि तांबडा पांडा काढला. पाकिस्तानने १९७६ मध्ये ट्रॅगोपान पक्षी आणि सुसर काढली. सुसर म्हणजे घडियाल, मगर नव्हे.

इंडोनेशियाने १९७४ मध्ये दोन हजार रुपियाच्या चांदीच्या नाण्यावर जावाचा वाघ काढला. नाणं निघालं तेव्हा तो वाघ मोजकाच उरला होता, आणि ते दशक संपता संपता तो दिसेनासा झाला. आज तो नामशेष मानतात. नाणं मात्र आजही कुठल्याही विक्रेत्याकडे मिळतं. प्राणी वाचवायला पाडलेलं नाणं प्राण्यापेक्षा जास्त टिकलं. दुर्मिळ प्राण्यांची पदकं जमवणाऱ्या प्रत्येकाने हे नाणं एकदा तरी तळहातावर ठेवावं. आपला छंद नेमका कशाचा आहे, हे ते सांगतं.

तुमच्या घरातला डबा

आता कामाचं बोलतो. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने एक चांदीचं युद्धपदक दिलं. मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला सेंट जॉर्ज, आणि घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल. बघा, पुन्हा एक प्राणी दुसऱ्याच्या खाली. ही पदकं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगावकडच्या हजारो मराठा शिपायांना मिळाली. कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो तुमचा पणजोबा असू शकतो.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका सराफाच्या पेढीवर मी असं एक पदक तराजूत बघितलं. मोडीला आलं होतं. पैंजण, फुटकी निरांजनं आणि मध्ये हे. कडेवर ११० व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव. ही पलटण १९१५-१६ मध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती, जिथे शेवटी उपाशी फौजेला शरण जावं लागलं. चांदीच्या भावाने मी ते घेतलं. देणाऱ्या घराला त्यात भांड्याची चांदी दिसत होती. त्यांना दोष देत नाही, कारण कडेवरची अक्षरं वाचायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतो.

मोडीत देण्याआधी कड वाचा. भिंग घ्या, तिरका उजेड धरा.

घासू नका. राख, चिंच, बाजारातली पावडर काहीच नको. चांदीवरचा काळा थर म्हणजे गंधकाशी झालेला संयोग. तो निघतो तेव्हा बारीक कोरीव कामही थोडं घेऊन जातो.

मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, ते चिकट होऊन धातू खातं. सुती कापड किंवा आम्लरहित कागद वापरा.

चांदी आहे की कथील, अशी शंका असेल तर स्वयंपाकघरातच कळतं. पदक आधी कोरडं तोला. मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून, तळाला न टेकवता तोला. कोरड्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. उत्तर साडेदहाच्या जवळ आलं तर चांदी, सव्वासातच्या आसपास आलं तर कथील. झाल्यावर लगेच कोरडं करा. आणि कथील निघालं म्हणून टाकू नका. श्रीरंगपट्टणच्या तटावर चढलेल्याला कथीलच मिळालं होतं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता शंभरी गाठली आहे. तेव्हा सुट्टीला येऊन पणजोबांचं पदक बॅगेत टाकू नका. फोटो न्या, कडेवरची अक्षरं उतरवून न्या, आणि पदक गावातच कोणाकडे तरी जबाबदारीने ठेवा.

शेवटचं एक. आमच्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. सालिम अलींना माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं, तो मान मोराला गेला. आज देशभरात माळढोक दीडशेच्याही आत असावेत असं मानतात. उद्या कोणी त्याचं चांदीचं पदक काढलं तर मी घेईन, अर्थातच घेईन. पण जावाच्या वाघाचं नाणं ज्या कप्प्यात आहे, त्याच्या शेजारी ते ठेवायची वेळ माझ्यावर किंवा माझ्या नंतर ही पेटी उघडणाऱ्यावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

घरातला डबा आज उघडा. काही सापडलं तर कड वाचून आम्हाला लिहा. पुढच्या भागात त्यातल्याच एखाद्या पलटणीबद्दल बोलू. जय हिंद.